बारावा मणका

आईच्या एमआरआयच्या अहवालात ‘कॉम्प्रेशन’ हा शब्द चार वेळा आला होता. नगरच्या त्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभ्याने मी तो दीड पानी अहवाल वाचला, तेव्हा मला कोणी काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती. तरी डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी काचेवर फिल्म लावली आणि पेनाच्या टोकाने दाखवलं: पाठीचा बारावा मणका पुढच्या बाजूने चेपला होता, त्याची पाचर झाली होती. हाडाचा एक तुकडा मागे सरकून मज्जारज्जूला टेकला होता.

“रज्जू तुटलेला नाही, दबलेला आहे,” ते म्हणाले. “दबलेला असला की आशा असते. पण तास मोजावे लागतात.”

मग त्यांनी स्ट्रेचरवरच्या आईला दोन प्रश्न विचारले. काही जड उचललं होतं का, कुठे पडला होतात का? आणि पाय कधीपासून जड झाले?

आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. “शनिवारी पाण्याचा हंडा उचलला,” ती म्हणाली. “आन् पाय आज सकाळपास्नं.”

दोन्ही उत्तरं खोटी होती. ती खोटी आहेत हे मला माहीत होतं. माझ्या शेजारी माझी भावजय रेश्मा उभी होती. तिनेच शेजारची जीप ठरवून, मागच्या सीटवर आईचं डोकं मांडीवर घेऊन शेवगावच्या पलीकडून तिला इथवर आणलं होतं. ती गोंधळून म्हणाली, “आई, तुमी कवा उचलला हंडा?”

“तू कुठं हुतीस घरी? माहेरी गेल्ती ना.”

शनिवारी रेश्मा खरंच माहेरी गेली होती, भावाच्या मुलाच्या बारशाला. डॉक्टरांनी दोन्ही उत्तरं कागदावर लिहून घेतली. मी अहवालाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

आता मधल्या चार दिवसांत काय झालं ते सांगते.

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी आलं नाही, पाय आधी आले. आई-वडील तेव्हा ऊसतोडीला गेले होते. कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या झोपडीत, कोपीत, माझ्या आत्याने, छबूबाईने, मला पाय धरून बाहेर काढलं. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते असं आमच्याकडे मानतात. कुणाच्या कमरेत चमक भरली, की तो पायाळूच्या दारात येतो, उंबऱ्यावर पालथा पडतो. पायाळूने उजवा पाय दुखऱ्या जागी तीन वेळा लावायचा, बोलायचं नाही. उठणाऱ्याने आभार मानायचे नाहीत, मागे वळून पाहायचं नाही. एवढंच. लहानपणी मी सुट्टीत घरी आले की सकाळपासून बाया येत. ऊस तोडून आलेल्या, मोळ्या वाहून कंबर धरलेल्या बाया. मी पाय लावायची, त्या मुकाट निघून जायच्या, आणि मला आपण फार मोठ्या आहोत असं वाटायचं.

पुढे वसतिगृहात राहून शिकले, पुस्तकं वाचली, आणि नवव्या इयत्तेच्या सुट्टीत मी दारात आलेल्या बाईला परत पाठवलं. आईला ते लागलं. ती म्हणाली, पायाचं काय झिजतं तुझ्या? मी तिला स्नायू, मणके, नसा असं काहीबाही सांगितलं. नगरच्या कॉलेजात ग्रंथपाल झाल्यावर तर मी या विषयावर भाषणंही दिली. एकदा आमच्याच गावच्या शाळेत दिलं. पहिल्या रांगेत आई बसली होती, डोक्यावर पदर घेऊन, लेकीचं भाषण ऐकायला. त्यात मी पायाळूचं उदाहरण घेतलं आणि लोक हसले. आईही हसली. पंचवीस वर्षं मी कोणाच्या पाठीला पाय लावला नाही.

जानेवारीतल्या त्या रविवारी मी गावी गेले. रेश्मा माहेरी होती. माझा धाकटा भाऊ अजिनाथ हंगामात कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवतो, तो पंधरा-पंधरा दिवस घरी नसतो. आई बाजेवर आखडून पडली होती. महिनाभर पाठ दुखत होती म्हणाली. छबूआत्या शेजारी बसून, ‘दगडाबाई, हलू नगंस’ म्हणत, तिला तेल लावत होती.

“लई दिस झाले, बाई,” आई म्हणाली. “आज तेवढा पाय लाव. कुणी न्हाई घरात, कुणी बघत न्हाई.”

‘कुणी बघत नाही’ हे तिने माझ्यासाठी म्हटलं होतं. माझी लाज तिला माहीत होती. मला एकदम वाटलं की या बाईने मला कधी काही मागितलं नाही आणि मागितलं ते मी भाषणात सांगून लोकांना हसवलं. मी हो म्हटलं. ती उठून उंबऱ्यावर पालथी झाली. आत्याने तिचे हात धरले.

इथवर सगळं रीतीप्रमाणे होतं. रीतीत नुसता पाय लावायचा असतो. आत्या तेच सांगत होती, लाव आणि उचल. पण मला ते जमेना. नुसत्या शिवण्याने काय होणार, असं माझं शिकलेलं डोकं म्हणालं. आता करायचंच आहे तर काही उपयोगाचं करू. दाब दिला तर आखडलेला स्नायू सैल होतो असं मी कुठेतरी वाचलं होतं. मालिशवाले पाठीवर उभे राहतात असंही वाचलं होतं. मी दाराची चौकट धरली आणि आईच्या कमरेच्या थोडं वर पाय ठेवून माझा सगळा भार दिला. एकदा. मग दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी पायाखाली काहीतरी बसल्यासारखं झालं, मातीचं ढेकूळ ओलं होऊन बसतं तसं. आई “आई गं” म्हणाली. फार हळू.

“आगं, नुसता लाव म्हनलं ना,” आत्या म्हणाली.

तिसऱ्यांदा मी नुसता लावला. आई उठली, मागे न पाहता भिंतीला धरून बाजेवर गेली, आणि म्हणाली, मोकळं वाटतंय. संध्याकाळी रेश्मा बारशाच्या घुगऱ्या घेऊन परत आली. मी शेवटच्या एसटीने नगरला आले. वाटेत मला चांगलं वाटत होतं, हेही सांगायला हवं.

सोमवारी दुपारी कॉलेजात फोन आला. आई म्हणाली, “बाई, दोन्ही पायाला मुंग्या येत्यात. चप्पल पायात हाय का न्हाई कळंना.”

मी उठून पुस्तकांच्या कपाटांमागे गेले. मी आवाज खाली करून म्हटलं, “नस दबली असेल. दोन दिवस पडून राहा, होईल कमी. आणि मी पाय दिल्याचं कुणाला सांगू नकोस.”

“मी कशाला सांगू,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी संगणकावर वाचलं. मला शोधता येतं, तेच माझं काम आहे. पाठदुखी आणि त्यासोबत दोन्ही पायांना बधिरपणा आला तर एक तासही थांबू नये, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं. मी ते दोनदा वाचलं. मग माझ्या डोळ्यांपुढे डॉक्टर आले, त्यांचा प्रश्न आला, आईचं भाबडं उत्तर आलं, आणि गावात, कॉलेजात, शाळेच्या त्या पहिल्या रांगेत ते कसं पोचेल ते आलं. मॅडमनं आईच्या पाठीवर पाय दिला. मी ते पान बंद केलं. मंगळवारी मी फोन केला तर आई म्हणाली, बरं हाय. मी मानून घेतलं. बुधवारी पहाटे तिची लघवी बंद झाली आणि पाय उचलेनात.

त्या दिवशी ऑपरेशन झालं. दाब काढला. पाय आले नाहीत.

ऑपरेशननंतर मी डॉक्टरांना एकटी गाठून विचारलं, की समजा कुणी पाठीवर भार दिला असेल तर? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी हाडं पोकळ झाली होती, तो मणका कशानेही गेला असता, शिंकेनेसुद्धा. शरीर दाबावरच चालतं, असं ते म्हणाले. उभ्याने डोक्यावर वाहिलेल्या ओझ्याने हाड बळकट होतं. वाहत्या जखमेवर दाब दिला तर माणूस वाचतो. वाईट असतो तो नको त्या जागी आणि नको तितका वेळ राहिलेला. “भार कुणी दिला यापेक्षा मुंग्या आल्यावर किती तासांनी आणलं, ते जास्त महत्त्वाचं. तुमच्या पेशंटच्या केसमध्ये सकाळी सुरू झालं म्हणता, पण मला तसं वाटत नाही.”

मी म्हटलं, “ती तसंच सांगते.”

आई त्यानंतर साडेचार महिने जगली. कमरेखाली तिला काही कळत नव्हतं. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे, नळी सांभाळावी लागे, अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून पाठ कोरडी ठेवावी लागे. हे सगळं रेश्माने केलं. मी शनिवारी-रविवारी जायची, औषधं न्यायची, पाण्याची गादी नेली, आणि सोमवारी परत यायची.

हंड्याची गोष्ट तोवर गावभर झाली होती. सून माहेरी जाऊन बसली आणि म्हातारीला पाणी वाहायला लागलं. अजिनाथ कारखान्यावरून आला त्या रात्री त्याने रेश्माला विचारलं होतं, एक दिवस थांबता येत नव्हतं का? त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतं बोलायचा. छबूआत्या तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचीच, आणि सांगताना माझ्याकडे बघायची नाही. ती मला झाकत होती. रेश्माने एकदा मला विचारलं, “ताई, पानी तर मी शनिवारी भरून गेल्ते. मंग हंडा कशाला उचलला असंल?” मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसांचं काही सांगता येत नाही.

आईला मी दोनदा म्हटलं, की खरं सांगून टाकू. पहिल्यांदा तिने तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा म्हणाली, “गप ऱ्हा. तुझं नाव हाय गावात. रेश्माचं काय, ती घरातलीच हाय.” हे ऐकून मला आईचा राग यायला हवा होता. मला हायसं वाटलं.

मे संपता संपता आई गेली.

तेराव्याला सोयरे आले. रेश्माची आई मुक्ताबाई कापडं घेऊन आली होती. आमच्यासाठी लुगडी, अजिनाथसाठी टोपी-टॉवेल. मांडवात पत्रावळी मांडायचं चाललं होतं. आम्ही आत ओसरीवर बसलो होतो, घरातले आणि अगदी जवळचे. मुक्ताबाईने आहेर पुढे केला, तेव्हा छबूआत्या तो हातात घेत म्हणाली, “आता आनलं बाई समदं. तवा बारशाला लेकीला तिकडं नसतं बोलावलं, तर दगडाबाई आज जेवायला बसली असती.”

मुक्ताबाईचा हात तसाच पुढे राहिला. तिने मान खाली घातली आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. रेश्मा दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. तिच्या आईला तिच्यासमोर मान खाली घालायला लावली होती. आत्यापेक्षा जास्त ते माझं काम होतं.

मी म्हटलं, “आईने हंडा उचलला नव्हता.”

मला वाटलं होतं आवाज फुटणार नाही. तो अगदी नीट निघाला, वर्गात बोलल्यासारखा. मी सांगितलं की रविवारी मी आईच्या पाठीवर पाय दिला. लावला नाही, भार दिला, दोनदा. मणका तेव्हा गेला. रेश्माचा यात काही संबंध नाही.

मग अजिनाथ म्हणाला, “आक्का, असूं दे. तुला रेश्मासाठी एवढं करायची गरज न्हाई.”

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग आमचे चुलते श्रीमंतआबा मान हलवत म्हणाले, “शिकल्याली लेक हाय. दुसऱ्याचा दोष आंगावर घेती. मोठं मन लागतं त्याला.” आजूबाजूच्या बायांनी माना हलवल्या. एकीने डोळे पुसले. पायाळूवर भाषण देणारी मी आणि मी पाय देईन, हे त्यांना पटतच नव्हतं. माझ्या भाषणाने माझ्याभोवती इतकं पक्कं कुंपण घातलं होतं की मी आतून ढकललं तरी ते पडेना. आणि खरं सांगायचं, तर क्षणभर मी थांबले. इथेच थांबलं तरी चालेल, मी सांगितलं तर आहे, असं मनात आलं. त्या क्षणाची मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त लाज वाटते की काय, हे अजून ठरवता आलेलं नाही.

मुक्ताबाईची मान अजून खालीच होती.

“आत्या,” मी म्हटलं, “तू तिचे हात धरले होतेस.”

छबूआत्याने मांडीवरचं लुगडं चापून-चोपून सरळ केलं. मग परत केलं. “दगडाबाईनं गळ्याची आन घातली हुती मला,” ती कोणाकडेच न बघता म्हणाली. “नुसता लाव म्हनलं हुतं मी. आयकलं न्हाई हिनं.”

आता कुणी मान हलवली नाही. अजिनाथने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो हिशेब लावत होता: साडेचार महिने, रेश्मा, तो स्वतः काय काय बोलला. मला वाटलं, झालं. जे सांगायचं होतं ते सांगून झालं, आणि पुष्कळसा दोष त्या पोकळ हाडांवर जाईल. डॉक्टरांचं शिंकेचं वाक्य मी मनात तयारही ठेवलं होतं.

रेश्मा दारातून पुढे आली. तिने तांब्या खाली ठेवला.

“ताई, सोमवारी आईंनी तुमाला फोन केल्ता,” ती म्हणाली. “नंबर मीच लावून दिल्ता, त्यास्नी दिसत न्हाई म्हून. फोन दिऊन मी मागं शेळ्या बांधायला गेले. आल्यावर इचारलं, तर म्हनल्या, अश्विनी म्हनती पडून ऱ्हा. मला वाटलं, ताईंनी कुनाला तरी इचारूनच सांगितलं आसंल. तुमी वाचता एवढं. म्हून मी जीप न्हाई बोलावली. न्हाईतर मी सोमवारीच नेलं असतं.” तिचा आवाज चढला नव्हता. “तवा तुमाला ठावं हुतं का?”

पायाचं सांगणं सोपं होतं. पाय ही चूक होती, मायेने केलेली, अर्धवट ज्ञानाने केलेली. तिच्याबद्दल कुणीतरी कधीतरी कीव केली असती. रेश्माने विचारलं होतं ते दुसरंच. ती साडेचार महिने दर दोन तासांनी उठत होती आणि हा प्रश्न तिच्याजवळ होता, हे मला तेव्हा कळलं.

“फोन आला तेव्हा नव्हतं माहीत,” मी म्हटलं. “ठेवल्यावर पाच मिनिटांत कळलं. मी वाचलं. लगेच न्यायला हवं असं लिहिलं होतं.”

“मंग?”

“डॉक्टरांनी विचारलं असतं, काय झालं म्हणून. ते बाहेर आलं असतं. म्हणून त्या दिवशी मी परत फोन केला नाही.”

“सोमवारी नेलं असतं तर पाय आले असते?”

“आले असते असं सांगता येत नाही,” मी म्हटलं, आणि ते वाक्य डॉक्टरांसारखं झालं म्हणून पुन्हा म्हटलं, “बहुतेक आले असते.”

मग मुक्ताबाईने मान वर केली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, लेकीकडे पाहिलं. रेश्मा जाऊन तिच्या शेजारी बसली आणि तिच्या खांद्यात तोंड घालून रडायला लागली, मोठ्याने, लहान मूल रडतं तशी. आई गेली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. त्या दिवशी तिला रडायचासुद्धा हक्क नाही असं बायांनी तोंडावर म्हटलं होतं. मी तेव्हा तिथेच बसले होते. मुक्ताबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

श्रीमंतआबा उठले, टोपी घातली आणि पंगत खोळंबली म्हणून बाहेर गेले. एकेक करून बाकीचेही गेले. आत्या भिंतीला धरून उठली, जाताना माझ्या जवळून गेली, पण थांबली नाही. अजिनाथ तिथेच खांबाला टेकून उभा होता. तो रेश्माकडे बघत होता, तिच्याजवळ जावं की नाही हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने तिचा खाली ठेवलेला तांब्या उचलला, मुक्ताबाईच्या हाताशी ठेवला आणि बाहेर जाऊन पंगतीत बसला.

वाढायला माणसं कमी होती. रोज वाढणारी रेश्मा आत होती. मी शिऱ्याचं पातेलं घेतलं आणि मांडवात गेले. लोकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण घेतलं. बातमी अजून मांडवाच्या त्या टोकाला पोचायची होती, तिकडच्यांनी मला ताई म्हणून हाकही मारली, की बसा आता, किती दमाल.

अजिनाथच्या पानापाशी आले. त्याने पत्रावळीवर हात आडवा धरला. वाढप्याला नको म्हणायची आमच्याकडे हीच रीत आहे, पाहणाऱ्याला त्यात काही वेगळं दिसलं नसतं. मी वाकलेलीच थांबले, पळी हातात धरून. त्याने हात काढला नाही.

मी पुढच्या पानाकडे गेले.